टोचलेली सुई लपवू नकोस

प्रिय मुली,

मंगळवारी फोनवर तू सहज सांगून गेलीस, "नाईटला सुई टोचली जी सिस्टर, पण काही होत नाही. कुठं लिहिलं नाही मी." मी तुझ्यावर ओरडले. तरी तू तशीच उठून डॉक्टरांकडे गेलीस, त्यांनी पेशंटचा रिपोर्ट पाहून एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध सुरू केले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ही गोळी जितक्या लवकर पोटात जाईल तितके बरे, 72 तासांनंतर तिचा उपयोग नाही. आता 28 दिवस मळमळले तरी खाडा करू नकोस.

एचआयव्हीची धास्ती सगळ्यांनाच असते. पण बाधित पेशंटची सुई टोचली तर त्याचा धोका हजारात 3च्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात 30पर्यंत जाऊ शकतो. त्या लशीचा तुझा तिसरा डोस कोविडच्या धावपळीत राहिला तो राहिलाच. तो घेऊन टाक, पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. मग महिना-दोन महिन्यांनी टायटर कर, म्हणजे लस लागू पडली का ते रक्त तपासून बघ; तो 10च्या वर यायला हवा.

हे झाले औषधाचे. मला घोर लागला आहे तो तुझ्या "काही होत नाही"चा. ट्रेनिंगला असताना कुणी वापरलेल्या सुईला टोपण लावले तर त्याचा हात धरणारी मुलगी तू. ती हे कधीपासून म्हणायला लागली?

मला वाटते, मला ठाऊक आहे. फेब्रुवारी 2021मध्ये अमरावती-यवतमाळकडे पेशंट वाढू लागले, तेव्हापासून मेपर्यंत आपण किट घालून उन्हाळा काढला. पाणी प्यायचे नाही, कारण लघवीला जाता येत नाही. लाट ओसरली, कोविडपुरत्या घेतलेल्या मुली घरी गेल्या, त्यांची कामे मात्र वॉर्डातच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये बर्नआउटची तीन लक्षणे सांगितली: अंगातले त्राण जाणे, कामावरून मन उडणे, आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटणे. कामावरचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की हे होते, असेही म्हटले आहे. तेव्हा "मीच कमजोर" हे डोक्यातून काढ. मधले लक्षण मला सर्वांत वाईट वाटते. त्यात खाटेवरची गयाबाई नुसती "सात नंबर" होते, आणि आपलाही जीव आपल्याला सात नंबरच वाटू लागतो.

माझे सांगते, हे आजवर कुणाला सांगितले नव्हते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, सलग चौथ्या नाईटला, अँटिबायोटिक विरघळवायला मी ट्रेमधून अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, उचलले, फोडले, सिरिंजमध्ये ओढले. पोराची आई म्हणाली, "कालचंच औषध हाय का जी हे?" म्हणून मी लेबल पाहिले. डिस्टिल्ड वॉटर नव्हते, पोटॅशियम क्लोराइड होते, थेट शिरेत गेले तर हृदय बंद पाडणारे. मी ते फेकले, नवीन भरले, त्या माउलीकडे बघून हसले आणि बाथरूममध्ये जाऊन थरथरत उभी राहिले. वहीत एक ओळ लिहिली नाही. इन्चार्ज होते ना मी!

तीन आठवड्यांनी एका नवीन मुलीने त्याच ट्रेमधून तेच अँप्यूल उचलले. तिचाही हात वेळेवर थांबला, पण ती रडत येऊन सर्वांसमोर बोलली. त्याच दिवशी पोटॅशियम ट्रेमधून निघून कुलपात गेले. दोन सारखी दिसणारी अँप्यूल शेजारी ठेवलेली होती, एवढीच गोष्ट, आणि मला ती तीन आठवडे आधीच माहीत होती. त्या तीन आठवड्यांत त्या वॉर्डात किती पोरे येऊन गेली, हे मी अजूनही मोजते.

म्हणून विचारते, तुझी सुई टोचली कशी? डबा गच्च भरला होता, सुई आत ढकलावी लागली, असे तू ओझरते म्हणालीस. मग तेच लिही. 2016च्या नियमांप्रमाणे सुयांसाठी पांढरा, न टोचणारा डबा असतो, आणि तो पाऊण भरला की बंद करायचा असतो. दोन दिवस तो का बदलला नाही, नाईटला किती जणी होत्या, किती पेशंट होते, सगळे तारीख-वेळेसह लिही, मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला, दे आणि प्रत आपल्याजवळ ठेव. "तुझंच लक्ष नव्हतं" असे ऐकावे लागेल कदाचित. मीही पूर्वी मुलींना असेच बोलले आहे, म्हणून त्या माझ्याकडे येत नव्हत्या. एकटीला जड जात असेल तर त्या नाईटच्या दुसऱ्या मुलीचीही सही घे.

आणि रजा माग. मृग लागला की शेतात साप निघतील, रात्री-बेरात्री विषबाधेचे पेशंट येतील, तेव्हा तुला कुणी सोडणार नाही. अर्ज आजच टाक. घरी जा, आईच्या हातची भाकर खा, दोन दिवस नुसती झोप.

तिसरा डोस घेतला की फोन कर. किती वाजले हे बघू नकोस, मला अजून नाईटची सवय आहे.

तुझी,
सिस्टर