‘मेमरी गेली’ म्हणतात, पण कोणती ते विचारा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. लॅपटॉपची स्क्रीन काळी, चालू करताना बीप-बीप, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो ‘मेमरी गेली, ठेवून जा, इथे सही करा’. चार वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मीही नागपुरात बर्डीवरच्या एका काउंटरपुढे असाच उभा होतो (नाव घेत नाही). आणि सही केली.

गेली होती रॅम, म्हणजे मशीन चालू असेपर्यंतच लागणारी तात्पुरती मेमरी. खरं तर तीही गेली नव्हती, कॉन्टॅक्ट खराब झाले होते. लॅपटॉप कुलरसमोर ठेवायची आपली नागपुरी सवय, ओल आणि धूळ दोन्ही आत. हा माझा अंदाज, मी इंजिनिअर नाही. त्यांनी रॅमची पट्टी काढून परत बसवली, मशीन सुरू झालं. मग न विचारता फॉरमॅट करून (म्हणजे सगळं पुसून) विंडोजही नवीन टाकून दिलं. पोरीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्याच एसएसडीत, म्हणजे फायली कायम साठवणाऱ्या भागात होते.

काहून सांगतो, तर रॅमचा आणि फोटोंचा काही संबंध नाही बाप्पा! रॅममधला चार्ज इतका गळका की साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की पाटी कोरी. फोटो असतात एसएसडीच्या फ्लॅश चिपांमध्ये, तिथे चार्ज कोंडलेला असतो, वीज नसली तरी टिकतो. रॅम बिघडली तरी फोटो जागेवरच.

मला वाटलं, फॉरमॅट झालं तर रिकव्हरीवाला (पुसलेला डेटा परत काढणारा) काढून देईल. जुन्या हार्ड डिस्कमधून निघालेही असते, कारण तिथे क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, खालचा मजकूर नव्याने काही लिहीपर्यंत राहतो. एसएसडीत ‘ट्रिम’ नावाचा आदेश जातो: या जागा रिकाम्या समज. मग एसएसडीतला कंट्रोलर (तिचा कारभार बघणारी चिप) त्या स्वतःच साफ करतो. दोन रिकव्हरीवाल्यांनी हात टेकले. एकाने तपासणीचे पैसे घेतले ते वेगळेच.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): एसएसडी काढूनच मशीन द्या. एम-डॉट-टू (छोट्या पट्टीसारखी) असेल तर बहुतेक एका स्क्रूचं काम आहे. मात्र काही पातळ मॉडेलांत ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही. केसिंग (काढलेली एसएसडी यूएसबीने जोडायचा डबा) घेताना तुमची एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार) ते बघा, मी आधी चुकीचं आणलं होतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की (ते उघडायचा लांब आकडा) आधी शोधा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर काही उघडणार नाही. आणि बॅकअपची एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका, आपल्या गरमीत तर नाहीच. चार्ज हळूहळू गळतो. त्याला साधी हार्ड डिस्क बरी.

त्या फॉर्मवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं छापलेलं असेल. त्याखाली पेनने ‘फॉरमॅट करू नये’ लिहा, फोटो काढून ठेवा, मग सही. नाक मुरडतील, मुरडू द्या.