वाचकांचे प्रश्न : मॅस्टोडॉनवर समछंदी कसे शोधावेत?

प्रश्न : ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांवर दिसणाऱ्या समुद्री गोगलगायींची छायाचित्रे काढण्याचा मला छंद आहे. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते उघडले. पण शोधपट्टीत काहीही टाकले तरी फारसे हाती लागत नाही. तिथे असे छांदिष्ट नाहीतच का?
– एक वाचक, दादर

उत्तर : आहेत, पण ते एका छताखाली नाहीत. मॅस्टोडॉन हे हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे असून, आपल्या सर्व्हरवरील कोणी ना कोणी ज्यांना फॉलो करते, मुख्यतः त्यांच्याच नोंदी तिथे येऊन पोहोचतात. त्यामुळे लहान सर्व्हरवर शोध कोरडा जाणे स्वाभाविक आहे. शिवाय मजकुरातला शोध २०२३ मधील ४.२ आवृत्तीपासून, आणि तोही परवानगी दिलेल्यांच्याच नोंदींपुरता, मिळू लागला. म्हणून हॅशटॅग शोधावा, व्यक्तीप्रमाणेच तोही फॉलो करावा, आणि तो इंग्रजीत, ‘न्यूडिब्रँक’सारखा (समुद्री गोगलगायींच्या एका गटाचे नाव) नेमका घ्यावा, ‘निसर्ग’ म्हटले की सूर्यास्तांचाच पूर येतो. एक जाणकार सापडला, की तो कोणाच्या नोंदी पुढे पाठवतो ते पाहावे. माझ्या मते शोधपट्टीपेक्षा हीच वाट खात्रीची आहे. आपली छायाचित्रेही त्याच हॅशटॅगसह, ठिकाण आणि ओहोटीची वेळ नोंदवून टाकावीत, म्हणजे इतरांनाही आपण सापडाल.