जुन्या एआर-३ए स्पीकरचा बेस गेला आहे, वूफर बदलावा का?

नाही, वूफर (स्पीकरमधला खालचे सूर काढणारा मोठा भाग) बदलू नका. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. वडिलांनी १९६९ मध्ये अमेरिकेहून आणलेली जोडी, वूफरचा कोन (थरथरणारा कागदी पडदा) कुठे फाटलेला नाही, आवाज येतो, पण तबला लावला की डग्ग्याचा घुमार जाऊन नुसती टकटक ऐकू येते. यात वूफर जळल्याचं एकही लक्षण नाही. माझा अंदाज आहे की खोक्यातून हवा गळतेय.

हवेचा बेसशी काय संबंध, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढची दुरुस्ती आपोआप सुचते. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, ही कंपनी काढली ती एकाच कल्पनेवर. वूफरचा कोन मुद्दाम अगदी सैल बांधायचा आणि त्याला मागे खेचायचं काम हवाबंद खोक्यातल्या हवेला द्यायचं. हवा हीच स्प्रिंग. तुमच्या १२ इंची वूफरचा मोकळ्या हवेतला रेझोनन्स (ज्या सुराला तो आपसूक सगळ्यात जास्त हलतो तो) साधारण १८ हर्ट्झ असतो, खोक्यात बसवला की तो ४२ च्या आसपास जातो. हा फरक त्या कोंडलेल्या हवेचा. खोकं गळायला लागलं की स्प्रिंग जाते, कोन नुसता फडफडतो, आणि खालचा सूर खोक्याबाहेर पडण्याआधीच विरतो.

म्हणूनच नवा वूफर नको. माझ्या पहिल्या जोडीत एका दुरुस्तीवाल्याने लाउडस्पीकरच्या कामातला कडक कडेचा १२ इंची वूफर बसवून दिला होता. आवाज मोठा झाला, बेस होता तोही गेला. मूळ वूफर त्याने भंगारात टाकले होते. ते मला आजही लागून राहिलंय, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

आता तपासणी. सगळ्यात आधी, आणि फुकटात, एका स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करून ऐका. दोन स्पीकर उलटसुलट जोडलेले असले तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो. घर बदलताना हे हमखास होतं. फरक पडला नाही तर पुढे जा.

जाळी काढा. मधल्या टोपीला हात न लावता, तिच्या भोवती चार बोटं सारख्या अंतरावर टेकवा, कोन हळूच आत दाबा आणि सोडा. खोकं घट्ट असेल तर कोन सुस्तपणे, एक-दोन सेकंद घेत वर येतो. टुणकन वर आला तर हवा गळतेय. (कोन कुठे खरखरला तर मात्र थांबा, तो आजार वेगळा आहे.) मग फोनवरच्या टोन जनरेटरने ३० हर्ट्झचा सूर अगदी हलका लावा आणि उदबत्ती वूफरच्या कडेने, स्क्रूंजवळून, मागच्या टर्मिनलांपाशी आणि नॉबच्या दांड्यांपाशी फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे भोक. निखारा कोनपासून दूर ठेवा, तो कागदच आहे.

कड नीट पाहा. सुरुवातीच्या एआर-३ए ला कापडी सराउंड (कोनभोवतीची लवचीक कड) होती, पुढे फोमची आली. फोम काही वर्षांत आपोआप विरघळतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकरच, बोट लावलं की चुरा. तुमचा फाटलेला नाही, म्हणजे बहुधा कापडी आहे. कापड टिकतं, पण त्याच्यावरचा रबरी लेप पन्नास वर्षांत सुकून जातो. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं आणि हवा विणीतून आरपार जाते. या जोड्यांचा बेस जाण्याचं हे नेहमीचं, पण सहज न ओळखू येणारं कारण.

त्यावर उपाय पातळ लेपाचा. स्पीकरच्या कापडी सराउंडसाठीच बनवलेलं, वाळूनही मऊ राहणारं ब्युटाइल रबराचं सीलंट मागवा. फेव्हिकॉल, सिलिकॉन किंवा पंक्चरचं सोल्यूशन लावू नका. कड कडक झाली की हवेचं काम ती स्वतःच करायला लागते. माझ्याकडे असा एक गोंद फासलेला वूफर आला होता, त्याचा रेझोनन्स ६० च्या वर गेला होता. मऊ ब्रशने फक्त कापडावर, पुढच्या बाजूने, एकच पातळ हात द्या. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. दिवसभर वाळू द्या, पुन्हा दाबून पाहा, गरज वाटली तरच दुसरा हात.

गळती वूफरच्या बुडाशी असेल तर तो काढावा लागेल. खाली पुटीसारखा लगदा असतो, तो वाळलेला निघेल. त्याजागी मऊ फोमची पट्टी चालते. खोकं पार्टिकल बोर्डचं आहे, स्क्रू जोर लावून पिळू नका. आतली काचलोकर काढून फेकू नका, तीही या हिशोबात धरलेली आहे. हातमोजे आणि मास्क घाला.

कपॅसिटर (खोक्यातल्या सर्किटचे, सूर वाटून देणारे भाग) बदला, असं अनेक जण सांगतील. जुने इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे कपॅसिटर बिघडतात खरे, नॉबही गंजतात, पण त्याने मधला आणि वरचा सूर मंदावतो. डग्ग्याचा घुमार त्याने परत येणार नाही. ते काम नंतर करा.

मोजून खात्री करायची असेल तर अॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये १००० ओमचा रेझिस्टर घाला, स्पीकरच्या टर्मिनलांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि सूर २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा. मीटरवरचा आकडा ज्या हर्ट्झला सगळ्यात मोठा दिसेल तो रेझोनन्स. लेप लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही स्पीकरचे हे हर्ट्झचे आकडे लिहून ठेवा. दोन्ही ४२ च्या जवळ आणि एकमेकांच्या जवळ आले की जाळ्या परत लावायला हरकत नाही. एकाचाच आकडा वेगळा राहिला, तर तो आकडा आणि कडेचा फोटो इथेच टाका, मी पाहतो.