बंद कॉस्टिक सोडा कारखान्याशेजारी परसातल्या भाज्या खाव्यात का?

तुमचा प्रश्न असा: बंद पडलेल्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यालगत घर आहे, परसात पालक, मुळा, वांगी लावली आहेत, मातीत 'पारा आढळला नाही' असा रिपोर्ट हातात आहे, तर भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन खावी का, आणि घरच्यांचं रक्त तपासावं का. मिठाचं आधी निकालात काढतो. पानावरची माती नळाच्या वाहत्या पाण्याने जाते. पानाच्या आत शिरलेला पारा कशानेच जात नाही. मीठ वाया घालवू नका.

मला बोलायचंय ते त्या रिपोर्टबद्दल. 'आढळला नाही' हे दोन शब्द पाहिले की माझं डोकं फिरतं, कारण अनेकदा तो पारा प्रयोगशाळेच्या ओव्हनमधूनच उडून गेलेला असतो. माती आली की ती 105 अंशांवर रात्रभर वाळवायची, ही सवय. शिसं-कॅडमियमसाठी ती चालते, कारण ते त्या तापमानाला जागचे हलत नाहीत. पारा हलतो. त्यातही कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीत पारा धातुरूपात वापरला जायचा, म्हणजे तुमच्या मातीत जो असण्याची शक्यता जास्त तोच सगळ्यात आधी उडणार. यावर माझा लॅबवाल्यांशी जुना वाद आहे आणि मी तो सोडणार नाही.

बरोबर पद्धत अशी. नमुन्याचे दोन भाग करा. एक 105 अंशांवर वाळवून त्यातून फक्त ओलाव्याचं प्रमाण काढा आणि फेकून द्या. दुसरा ओलाच तपासा किंवा 40 अंशांच्या आत वाळवा, आणि निकाल ओलाव्याच्या हिशेबाने कोरड्या वजनावर आणा. माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे वर वाफेला जागा राहत नाही. बर्फात ठेवून पाठवा. भाजीच्या वाफ्यात 0 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची, मुलं खेळतात तिथे वरची 5 सेंमी. एका वाफ्यातून 15-20 ठिकाणची माती घेऊन एकत्र करा, पण दोन वाफ्यांची माती एकमेकांत मिसळू नका. लॅबला आधीच विचारा: कोल्ड व्हेपर (पाऱ्याची वाफ करून ती मोजण्याची) पद्धत आहे का, आणि किती कमी पारा मोजता येतो? मातीसाठी 0.1 मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत मोजता आला पाहिजे, भाजीसाठी 0.01 किंवा त्याहून खाली. ज्यांचं मोजमाप 1 पासून सुरू होतं, त्यांचं 'आढळला नाही' भाजीसाठी कवडीमोल.

वाफे वेगळे ठेवायला का सांगतोय? स्वित्झर्लंडमध्ये व्हॅले प्रांतात व्हिस्पच्या रासायनिक कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी अनेक दशकं एका कालव्यात सोडलं जायचं. त्या कालव्याचा गाळ लोकांनी चांगली माती म्हणून बागांत आणि शेतांत पसरला. 2010च्या सुमारास महामार्गाच्या कामात हे उघड झालं. मग आढळलं काय, तर एक बाग दूषित आणि शेजारची स्वच्छ. वारा, अंतर यांचा संबंध नव्हता. गाळ कोणी कुठे टाकला, यावर सगळं होतं. तेव्हा तुमच्या जागेत भराव कुठून आला, हे आधीच्या मालकाला विचारा. ही चौकशी फुकट असते आणि कोणी करत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये घराच्या बागेसाठी आणि मुलांच्या खेळाच्या जागेसाठी 2 मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर माती साफ करायची, शेतजमिनीसाठी 20 च्या वर. तोच 20 चा आकडा कोडाईकनालला, 2001 मध्ये बंद झालेल्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेसाठी, साफसफाईची मर्यादा म्हणून ठरला. ती जागा पांबर शोला जंगलाच्या डोक्यावर आहे, आणि तिथे 20 हा आकडा मला ढिलाच वाटतो. परसासाठी तर मी 2 च धरतो.

आता भाजी. पारा मुळांतच बराचसा अडकतो, वांग्यासारख्या फळात फारच थोडा पोचतो. मुळा-गाजर-रताळं सोलूनच खा. पालेभाजीची अडचण चिकटलेल्या मातीची. पाव किलो पालकात कोरडा ऐवज 20 एक ग्रॅम. त्यात एक टक्का माती राहिली तर 0.2 ग्रॅम, आणि मातीत पारा 20 असेल तर एका जेवणात 4 मायक्रोग्रॅम. तीन पाण्यांत खळबळून धुवा, देठाकडची बेचकी उघडून. शिवाय पानं हवेतला पाराही घेतात. हे ओळखायला वाफ्याशेजारी बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीची एक कुंडी ठेवा, त्यात तोच पालक लावा, दोन्ही एकाच दिवशी तोडून, धुऊन तपासा. कुंडीतलाही जास्त निघाला तर पारा हवेतून येतोय, आणि वाफ्यातली माती बदलून उपयोग नाही.

असेंद्रिय पाऱ्याची (मातीत असतो तो, माशांतला नव्हे) आठवड्याची सहनमर्यादा दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम धरतात. 15 किलोच्या मुलाला 60. मूल हातातोंडातून दिवसाला साधारण 100 मिलिग्रॅम माती गिळतं. मातीत पारा 100 असेल तर नुसत्या मातीतूनच आठवड्याला 70. म्हणून पालकाच्या आधी पोराच्या हातांकडे बघा. मोहरी लावून माती शुद्ध करण्याच्या सल्ल्यांच्या नादी लागू नका. खाली जाड कापड अंथरून वर 40 सेंमी स्वच्छ माती भरा, हा उपाय चालतो.

रक्ताचं म्हणाल तर वाफेतून आणि मातीतून येणाऱ्या पाऱ्यासाठी सकाळची लघवी तपासा, निकाल क्रिएटिनिनच्या (लघवीतला नेहमीचा एक घटक) प्रमाणात मागा. 5 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर काळजी नको, 20 च्या वर गेलं तर डॉक्टर. केसातून मुख्यतः माशांतला मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय, जास्त विषारी रूप) कळतो. अंगातला पारा बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासतात, ती चाचणी करू नका. त्या औषधाने कोणाच्याही लघवीत पारा वाढलेला दिसतो. व्हिस्पच्या परिसरात आया आणि मुलांची लघवी आणि केस तपासले, तेव्हा बागेच्या मातीतल्या पाऱ्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. हे दिलासा देणारं आहे, पण ते तिथल्या मातीपुरतं.

घरातलं कोणी त्या कारखान्यात कामाला असेल तर मात्र स्वच्छ रिपोर्टवर विसंबू नका. लघवीतला पारा काही महिन्यांत उतरतो, हातांची थरथर आणि मूत्रपिंडाचं नुकसान मागे राहू शकतं. कोडाईकनालच्या 591 माजी कामगारांबरोबर समझोता झाला 2016 मध्ये, कारखाना बंद झाल्यावर 15 वर्षांनी. तेव्हा लघवी तपासून जुन्या कामाचं काहीच सिद्ध झालं नसतं.

कारखान्याजवळ भातखाचर किंवा तळं असेल तर वरचा हिशेब धरू नका. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, तो तांदळात आणि माशांत जातो. मासा शिजवून तो कमी होत नाही. गरोदर बाईने त्या तळ्यातला मासा खाऊ नये. आणि खणताना चमकणारे थेंब दिसले तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, मुलांना लांब करा, जागा प्लास्टिकने झाका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून पोच घ्या.