आरोग्यसेवेत सुधारणेचा विषय निघाला की डॉक्टर विरोधातच का उभे राहतात?

आपण विचारले आहे की उपचारांचे दर बांधणे, सर्वांसाठी मोफत उपचारांची योजना किंवा खासगी रुग्णालयांवर कायद्याचे नियंत्रण यांपैकी काहीही चर्चेत आले की डॉक्टरांच्या संघटना विरोध का करतात, आणि त्यामागे पैशाखेरीज दुसरे कारण असते का. मी पुण्यात धनकवडी भागात चौदा खाटांचे रुग्णालय चालवणारा सर्जन आहे. या वादात मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

पैसा हे कारण आहेच. मात्र तो कोणाचा, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. कॉर्पोरेट रुग्णालयात पगारावर किंवा हिश्श्यावर काम करणारे, धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांतील मानद तज्ज्ञ, ससून या सरकारी रुग्णालयातील अध्यापक आणि निवासी डॉक्टर, शिवाय पेठांपासून उपनगरांपर्यंत पसरलेल्या दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमचे मालक, असे सगळे पुण्यात 'डॉक्टर' या एकाच नावाखाली येतात. सरकारचा एकच नियम या सर्वांवर सारख्या वजनाने पडत नाही, आणि वर्तमानपत्रांतील वादात नेमकी हीच गोष्ट हरवते.

योजनेचेच उदाहरण घेऊ. राज्य सरकारची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट होती. जुलै २०२४ पासून संरक्षण पाच लाखांपर्यंत गेले आणि ती अट उठून राज्यातील सर्व कुटुंबे योजनेत आली. रुग्णाच्या बाजूने हा फार मोठा बदल आहे आणि तो व्हायलाच हवा होता. बायपासच्या खर्चासाठी गावाकडची जमीन विकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता रुग्णालयाच्या बाजूने पाहू. योजनेत पैसे पॅकेजने, म्हणजे एका उपचाराला एक ठरलेली रक्कम असे, मिळतात. खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एक वेळचे भाडे आणि सुटीनंतरच्या दहा दिवसांची औषधे हे सर्व त्या एका आकड्यात बसवायचे असते. तीनशे खाटांच्या रुग्णालयात एका पॅकेजमधली तूट दुसऱ्या विभागाच्या उत्पन्नातून भरून निघते आणि पूर्वपरवानगी, फोटो, कागदपत्रे, दाव्यावर (रुग्णालयाने योजनेकडे केलेल्या पैशांच्या मागणीवर) आलेल्या शंकांची उत्तरे यांसाठी वेगळी माणसे ठेवता येतात. चौदा खाटांच्या जागी हेच काम रात्रपाळी करून आलेला आरएमओ, म्हणजे रुग्णालयातच नेमलेला डॉक्टर, करतो. आमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यांचे मानधन शस्त्रक्रिया झाली की द्यायचे असते, आणि सिस्टरांचे पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करावेच लागतात, मग दावा कुठल्याही टप्प्यावर असो. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत राज्यातल्या राज्यात दावा १५ दिवसांत निकाली काढावा असे म्हटले आहे, तरी थकलेल्या रकमांविषयी रुग्णालयांच्या तक्रारी वारंवार बातम्यांत येतात. मोठ्या रुग्णालयाला असा उशीर ताळेबंदात सोसता येतो, छोट्याला त्यासाठी बँकेचा ओव्हरड्राफ्ट (खात्यावरचे तात्पुरते कर्ज) काढावा लागतो.

मग दर बांधणेच चूक आहे का? मला तसे वाटत नाही, आणि याबाबतीत माझे अनेक समव्यावसायिक माझ्याशी सहमत नाहीत. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले होते: साध्या विभागात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. मुंबईतील मोठ्या रुग्णालयाला आणि तालुक्याच्या गावातील दवाखान्याला तोच आकडा होता. लेखापरीक्षक बिले तपासायला बसले, वादावादी भरपूर झाली. पण वर्षभराने, जून २०२१ मध्ये, सरकारने शहरांचे तीन वर्ग पाडले आणि साध्या विभागाचा दर पुण्या-मुंबईसाठी ४,०००, त्याखालच्या शहरांसाठी ३,००० आणि उरलेल्या भागासाठी २,४०० केला. म्हणजे स्थानिक खर्च पाहून दर ठरवता येतात आणि पहिला आकडा बसला नाही तर बदलताही येतो, हे याच राज्यात घडून गेले आहे. दर बांधले तर वैद्यकसेवा कोलमडेल हे भाकीत त्या काळात खरे ठरले नाही, असे मी संघटनेच्या बैठकीत म्हटले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, हे ओघाने आलेच.

खरी भीती दर ठरल्यानंतर काय होते याची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले की वैद्यकीय आस्थापनांच्या (रुग्णालये, दवाखाने यांच्या) २०१० च्या कायद्याखालील २०१२ च्या नियमांनुसार दर का ठरवले जात नाहीत, आणि ते होत नसेल तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दर अंतरिम म्हणून लावण्याचा इशाराही दिला. डॉक्टर अस्वस्थ झाले, कारण त्या वेळी सीजीएचएसचे बहुतेक दर २०१४ च्या सुमाराचे होते. त्यांची मोठी फेररचना व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. दहा वर्षे न हललेला दर आणि दर वर्षी वाढणारे भाडे, वीज, जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क, दर जानेवारी-जुलैला द्यावा लागणारा अग्निसुरक्षेचा बी फॉर्म (आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचा दाखला), हे गणित ज्याने स्वतः मांडले आहे त्याचा विरोध मला समजतो.

समजत नाही तो वेगळा विरोध. केंद्राचा हा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच काम चालते. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. याला खर्च किती? एका फलकाचा. तरीही पुण्यात असंख्य ठिकाणी तो फलक दिसत नाही, आणि याचे समर्थन करणारा युक्तिवाद मी आजवर ऐकलेला नाही. कट प्रॅक्टिसचेही, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी घेतलेल्या कमिशनचेही, तसेच. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, मसुदा झाला, कायदा मात्र झाला नाही. रुग्णहक्कांसाठी काम करणारी पुण्यातील 'साथी' संस्था आणि जन आरोग्य अभियान वर्षानुवर्षे जे मागत आहेत, त्यातला पारदर्शकतेचा भाग आमच्या संघटनांनी आपणहून उचलला असता, तर दरांच्या प्रश्नावर आमचे बोलणे लोकांनी अधिक विश्वासाने ऐकले असते. त्या विश्वासाची पातळी एप्रिल २०२५ मध्ये दिसली. अनामत रकमेच्या मागणीवरून शहरातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध आंदोलने झाली, तोडफोडही झाली. अनामत किती घ्यायची हे अशा संस्थांत सहसा व्यवस्थापन ठरवते, राग मात्र समोर दिसणाऱ्या डॉक्टरवर निघतो.

राजस्थानात मार्च २०२३ मध्ये तातडीच्या उपचारांचा हक्क देणारा आरोग्य हक्काचा कायदा संमत झाला तेव्हा खासगी डॉक्टर संपावर गेले होते. एप्रिलमध्ये तडजोड झाली, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवण्याचे ठरले. माझे रुग्णालय तिथे असते तर सुटले असते, तरी मला तो मार्ग पटत नाही. अपघात होऊन माझ्या दारात आलेल्या माणसाचा हक्क माझ्या खाटा मोजून ठरू नये. छोट्या रुग्णालयाला हवी ती दाव्याच्या पैशांची पाळलेली मुदत आणि दरांचा दर वर्षी होणारा फेरआढावा. या दोन गोष्टी कायद्यातच लिहून मिळाल्या, तर निदान माझ्यासारख्यांचा विरोध बराच निवळेल. संघटनेत ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांचे मी सांगू शकत नाही.