आधी पाणी मोज, मग शिक्का मार

बाळा,

स्टेनलेसची पाती बंद करू का, एवढंच विचारलंस, पण मागची घालमेल कळली. दोन सुऱ्या परत आल्या. एकीच्या मुठीलगत तांबूस ठिपके, दुसरीची धार कांद्या-खोबऱ्यावरच वळली. त्यात कोणीतरी कानात सांगितलं की खरा कारागीर फक्त कार्बन स्टीलचं काम करतो. बंद करू नकोस. पण आज जसं विकतोस, तसंही विकू नकोस.

ज्या पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आलेला कडकपणा, मोजलं नाही, त्यावर शिक्का मारायचा नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

मीही फार वर्षं स्टेनलेसला नाकं मुरडली. खरं कारण एवढंच होतं, की भट्टीतला रंग बघून ते साधत नव्हतं. एन ३१ किंवा गाडीच्या पाट्याचं एन ४५, ही कार्बन स्टीलं आपल्याला भट्टीवर समजतात. पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की थोडं आणखी तापवायचं, कोमट तेलात बुडवायचं, मग २०० अंशांच्या आसपास टेंपर करायचं, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा मंद तापवायचं. स्टेनलेसला तो अंदाज चालत नाही. एईबी-एल या सुरीच्या स्टेनलेसला १०६५ ते १०८० अंश लागतात, आणि त्या तापमानावर पातं १० ते १५ मिनिटं स्थिर ठेवावं लागतं. कमी तापलं तर गंज रोखणारं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कणांमध्येच, अडकून राहतं. मग पातं मऊही राहतं आणि गंजतंही. जास्त तापलं तर न बदललेला ऑस्टेनाइट, म्हणजे पोलादाची तापलेल्या अवस्थेतली मऊ रचना, उरतो आणि धार पुन्हा मऊच. तुझी वळलेली धार बहुतेक या दोनपैकी एकाची आहे. दगडावर घासून ती सुधारणार नाही.

आणि स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे, हे गिऱ्हाइकाला नाही तरी तुला माहीत असलंच पाहिजे! भांड्यांच्या ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यापेक्षा जास्त नसतो, त्याला कितीही तापव, ते कडक होणार नाही. भंगारातली, ग्रेड माहीत नसलेली पट्टी घेऊ नकोस. टेस्ट सर्टिफिकेट मागून घे, आणि एकच ग्रेड, एकच जाडी ठरव. स्वयंपाकाच्या सुरीला २.५ मिलिमीटर पुष्कळ झाली. चार ग्रेड ठेवलेस तर चारही अर्धवट कळतील.

स्वतःची मफल, म्हणजे तापमान ठरवता येणारी बंद भट्टी, असेल तर पातं स्टेनलेस फॉइलमध्ये दुहेरी घड्या घालून बंद कर, नाहीतर पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. बाहेर काढल्यावर पाकीट फोडत बसू नकोस. तसंच २५ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटांमध्ये दाब आणि हवा मार. पातं वाकलं असेल तर कोमट असतानाच सरळ कर, थंड झाल्यावर जोर लावलास तर तुटेल. मग शक्य असेल तर ड्राय आइसमध्ये ठेव आणि १७५ ते २०० अंशांवर दोन-दोन तासांचे दोन टेंपर दे. हार्डनेस, म्हणजे कडकपणा, रॉकवेल मापावर ६० च्या आसपास यायला हवा. टेंपर ४५०-५०० अंशांवर नेऊ नकोस, तिथं क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जातं आणि गंजरोधकता गमावतोस.

मफल नसेल तर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात व्हॅक्यूम फर्नेसवाले आहेत. एकेक पातं घेऊन त्यांच्या दारात उभा राहू नकोस, एकाच जाडीची पंधरा-वीस पाती साठव. त्यांना नुसतं 'कडक करून द्या' म्हणू नकोस, कागदावर ग्रेड, तापमान, टेंपर आणि हवा असलेला हार्डनेस लिहून दे. पाती एकावर एक न रचता उभी टांगायला सांग. आणि आलेली पाती आधी मोज. रॉकवेलची खूण मुठीत जाणाऱ्या शेपटीवर, दोन्ही बाजू सपाट असताना, तीन ठिकाणी घे. उतारावर घेतलेला आकडा खोटा येतो.

माझ्याकडे मोजमाप नसलेलं पातं स्वस्तातही मिळत नाही. लोक मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. पाणी डोळ्यांनी दिसत नाही, म्हणूनच गिऱ्हाईक आपल्या शब्दावर पैसे देतं.

आता ते तांबूस ठिपके. घासायच्या मशीनचा पट्टा बदलला होतास का? कार्बन स्टील घासलेल्या पट्ट्यावर स्टेनलेस घासलं, की लोखंडाचे कण पात्यात रुतून बसतात आणि गंज तिथून सुरू होतो. स्टेनलेसचे पट्टे वेगळे ठेव. १२० ग्रिटच्या भरड पट्ट्यावर थांबू नकोस, निदान ४०० पर्यंत ने, कारण खोल ओरखड्यात मिठाचं पाणी थांबतं. मुठीच्या सांध्यात फट राहिली तर तिथं ओल साचते, म्हणून ती एपॉक्सीनं भर. घासताना दर फेरीला पातं पाण्यात बुडव. स्टेनलेस उष्णता हळू वाहून नेतं, त्यामुळे धारेचा रंग क्षणात निळा पडतो, आणि निळी पडली की ती जागा मेली.

मग स्टेनलेस कुणाला? आपल्या पावसात, लिंबू-चिंच-टोमॅटोच्या ओट्यावर, सुरी बेसिनमध्ये टाकून निघून जाणाऱ्या घरात स्टेनलेसच दे. कार्बनचं पातं तिथं संध्याकाळपर्यंत काळं पडतं आणि दोष तुझ्यावर येतो. मटणाच्या सत्तुराला, उसाच्या कोयत्याला मात्र एन ४५ च, हार्डनेस ५४ ते ५६, धार प्रत्येक बाजूनं २५ अंश. ६० चं पातळ पातं हाडावर मारलं तर कपरी उडणारच. चप्पल कारागिराच्या चामडं कापायच्या रापीलाही कार्बन, कारण त्याला दिवसात दहा वेळा दगडावर धार आणायची असते. फक्त बाभूळ-हिरड्यानं कमावलेल्या ओल्या चामड्याला लोखंडाचा काळा डाग पडतो, म्हणून पातं पुसत राहा, असं त्याला सांग.

परत आलेल्या दोन्ही सुऱ्यांच्या मुठी काढ आणि शेपटीवर आधी आकडा घे. ५६ च्या खाली आला तर धार काढून परत देऊ नकोस, नवीन पातं दे.