अपग्रेडनंतर सीएनसी राउटर भलतीकडेच पळतोय?

घाबरू नका, कॉम्प्युटरच्या आज्ञेवर कापणारं हे मशीन बहुतेक शाबूत आहे. कंट्रोलरच्या (मोटर चालवणाऱ्या बोर्डाच्या) अपग्रेडमध्ये जुन्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या असणार. नवीन माणूस लगेच मोटरच्या वायरी उपसायला घेतो, ते अजिबात करू नका. आधी कटर काढून ठेवा.

कंट्रोलर जीआरबीएलवर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर $$ टाइप करून सेटिंग्जची यादी बघा. $100, $101, $102 म्हणजे एक्स, वाय, झेडला एका मिलिमीटरमागे मोटरच्या किती स्टेप्स (छोटी पावलं). एक्सला 100 मिमी सरकायची आज्ञा द्या आणि पट्टीने मोजा. 50च भरले तर आकडा दुप्पट हवा. झेडला 10 मिमी पुरे, तेही वरच्या दिशेने.

- अक्ष उलटा जातोय: $3 (दिशा उलटवणारी सेटिंग) बघा
- होमिंग (मशीनने स्वतः सुरुवातीची जागा शोधणं) होत नाही: आधी $22 (होमिंग चालू-बंद) बघा, मग लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाचा स्विच)

एका वेळी एकच आकडा बदला, जुना वहीत लिहून ठेवा. वेग आणि अ‍ॅक्सिलरेशनला एवढ्यात हात नको.